वणवा आणि जमीनधारक

चोपड्याहून यावल, फैजपूर, सावदा या गांवांवरून रावेरकडे जाणारा रस्ता सातपुड्याला समांतर धांवतो. उजव्या हाताला केळीच्या बागा व त्यांच्यापलीकडे तापी. डाव्या हाताला, शेतें संपतात तेथें, डोंगराची निळसर भिंत. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत एखाद्या रात्रीं या रस्त्यानें जाणाऱ्याला त्या भिंतीवर तांबड्या रेषा वळवळतांना दिसतात. मोटारींतला गृहस्थ मुलांना बोटानें दाखवितो, "तो पाहा वणवा!" आणि गाडी पुढें जाते. त्याच्या समजुतीनें ती आग रानाची असते. फैजपूरचा केळीवालाही बहुधा तसेंच समजतो. ही समजूत कितपत खरी, हें ठरविण्यापूर्वीं आग लागते कशी तें पाहिलें पाहिजे.

वाऱ्यानें बांबूवर बांबू घासतो आणि रान पेटतें, अशी एक कल्पना शहरांत रूढ आहे. गोष्टींच्या पुस्तकांत ती शोभते. प्रत्यक्षांत आपल्या देशांतील बहुतेक वणव्यांचें मूळ मनुष्याच्या हातांत असतें. वीज पडून पेट घेण्याजोगा काळ उन्हाळ्याच्या अखेरीस येतो, आणि त्या विजेच्या मागोमाग बहुधा वळवाची सर असते.

मग मनुष्य आग लावतो कां? 'अज्ञानामुळें' असें उत्तर देण्याची सुशिक्षितांना फार घाई असते. वस्तुतः बहुतेक आगींमागें कांहीं तरी व्यवहार असतो. मोहाचीं फुलें चैत्राच्या सुमारास पहांटे गळतात. झाडाखालीं पाचोळ्याचा जाड थर असला तर तीं त्यांत हरवतात. म्हणून बुंध्याभोवतींचा पाला पेटवून जमीन मोकळी करतात. काळ्या झालेल्या जमिनीवर पिवळट पांढरीं फुलें वेंचणें सोपें जातें. टेंभुर्णीच्या झुडुपांना आंच लागली कीं नवी पालवी जोमानें फुटते, आणि विडीला तीच पालवी हवी असते. गुराख्याला वाळलेल्या कुसळीच्या जागीं कोंवळे कोंब पाहिजे असतात. भात पिकविणाऱ्या डोंगरी पट्ट्यांत रोपांच्या वाफ्यावर डहाळ्या, पाला, शेण पसरून राब भाजतात. त्यामुळें तणाचें बीं मरतें व राखेचें खत मिळतें. यांतील एकही गोष्ट वेडेपणाची नाहीं.

आणि सपाटीवरचा शेतकरी? तोही जाळतो. गव्हाचें धसकट जाळतो, कपाशीची पऱ्हाटी जाळतो, केळीचीं वाळलेलीं पानें जाळतो, आणि सर्वांत बेफिकिरीनें जाळतो तो बांध. मालक सालदाराला सांगतो, "बांध जाळून टाक," आणि जेवावयास घरीं जातो. सालदाराजवळ एक काडीपेटी असते. माणूस, पाणी, फावडें यांपैकीं कांहीं नसतें. दुपारीं वारा सुटतो. शेजाऱ्याच्या बागेंत पसरलेल्या ठिबकसिंचनाच्या काळ्या नळ्या वितळण्यास फार आंच लागत नाहीं, आणि केळीच्या झाडाला लोंबणारीं सुकीं पानें तर काकड्यासारखीं पेटतात. वर्षाची बाग एका दुपारीं करपून जाते; मग तक्रार, पंचनामा, आणि दोन घरांचें बोलणें बंद. वर्तमानपत्रांतील 'शेताला आग' या चार ओळींच्या बातमीमागें अनेकदां अशी हकीकत असते.

सरकारनें या प्रश्नाचा विचार पूर्वींपासून केला आहे, पण बहुधा एकाच बाजूनें. इंग्रजी अमदानींत १८६० नंतरच्या दशकांत कॅप्टन पिअर्सन यांनीं मध्यप्रांतांतील बोरीच्या जंगलांत, म्हणजे सातपुड्याच्याच रांगेंत, आगीपासून रान राखण्याचा पद्धतशीर प्रयोग केला. तेथील यशावरून 'आग म्हणजे शत्रु' हें वनखात्याचें सूत्र बनलें. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत राखीव रानांत आग लावणें हा गुन्हा ठरविलेला आहे. शिवाय त्या रानांत चराईचा किंवा वनोपज घेण्याचा हक्क ज्यांना आहे, त्यांनीं आगीची खबर देणें व ती विझविण्यास मदत करणें हें त्यांचें कर्तव्य म्हणून सांगितलें आहे. कायद्यानें असें कर्तव्य नेमून दिलें, परंतु तें पार कसें पाडावें हें शिकविण्याची व्यवस्था मात्र फार काळ झाली नाहीं.

निव्वळ बंदीचा दुसराही एक तोटा आहे. कर्नाटकांतील बिळिगिरिरंगन डोंगरांत राहणारे सोलिग लोक पूर्वीं उन्हाळा तापण्याच्या आधींच पाचोळ्याला हलकी आग लावीत. १९७४ सालीं तेथें अभयारण्य झाल्यावर ही चाल बंद पडली, आणि पुढें त्या रानांत घाणेरी माजली. या दोन गोष्टींचा संबंध सोलिग जाणते निश्चयानें सांगतात, व अभ्यासकांनींही तो गंभीरपणें घेतला आहे. घाणेरीच्या जाळ्या माणसाहून उंच वाढतात आणि पेटल्या म्हणजे जमिनीवरची आग झाडांच्या शेंड्यांपर्यंत नेतात. ज्या रानांत हलकी आगही कधीं येत नाहीं, तेथें जळण सांचत राहतें व एक दिवस मोठी आग येते, हा अनुभव इतर देशांतही आला आहे.

परंतु याचा अर्थ सातपुडा खुशाल जाळावा असा मुळींच नव्हे. येथील दुखणें उलट आहे. येथें एकच उतार लागोपाठच्या वर्षीं, आणि तोही भर उन्हाळ्यांत, जळतो. साग, अंजन, सालई, धावडा यांच्या पानगळीच्या रानांत मोठ्या झाडांची जाड साल एखादी आग सोसते. रोपांना साल कोठली? सागाचें रोप जळालें तरी मुळापासून पुन्हां फुटतें; तें दरवर्षीं फुटतें व दरवर्षीं जळतें, आणि कित्येक वर्षांनंतरही गुडघ्याएवढेंच राहतें. इतर झाडांचीं रोपें तेवढीं चिवट नसतात. रान वरून उभें दिसतें, परंतु त्याच्याखालीं पुढची पिढी नसते.

आतां फैजपूरच्या केळीवाल्याकडे वळतां येईल. सातपुड्याच्या पायथ्याला गोट्यावाळूचा एक पट्टा आहे. भूगर्भशास्त्रज्ञ त्याला 'बझाडा' म्हणतात. डोंगरावरून उतरणारें पाणी या पट्ट्यांत मुरतें आणि खालच्या विहिरींना व नलिकाकूपांना पोंचतें. सुकी, मोर, गूळ, अनेर या नद्या याच उतारांवरून तापीला जातात. यावल-रावेरच्या बागा एवढ्या वैभवाला चढल्या त्या या मुरलेल्या पाण्याच्या बळावर. आणि हें पाणी उपशामुळें वर्षानुवर्षें खालीं खालीं गेलें आहे, हें तेथील प्रत्येक शेतकऱ्याला विहिरीच्या खोलीवरून कळतें. पाचोळा व गवत शाबूत असलेल्या उतारावर पहिला पाऊस अडखळतो, झिरपतो. जळालेल्या उघड्या उतारावर तोच पाऊस राख व माती घेऊन धांवत सुटतो, आणि गोट्यांच्या फटींत गाळ बसला कीं तेथें पाणी मुरण्याची वाट बुजते. पाणी आटण्याचें मुख्य कारण उपसाच आहे, सगळा दोष वणव्याला देणें अन्यायाचें होईल. पण खर्च वाढलेल्या घरांत जमेची बाजूही कमी व्हावी, तसा हा प्रकार आहे. डोंगरावरची ती तांबडी रेषा केळीवाल्याच्या विहिरीपर्यंत येते ती अशी.

म्हणून आगीचें शिक्षण द्यावयाचें तें दोघांना: डोंगरावर वनहक्काची जमीन कसणाऱ्याला आणि खालीं बागाइती करणाऱ्याला. काडी या दोघांच्या हातांत आहे. वनरक्षक आग लागल्यावर येतो, जमीनधारक ती लागण्यापूर्वीं तेथें असतो. ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत जानेवारी १९३९ मध्यें भयंकर वणवे लागून ७१ माणसें मेलीं. त्यांची चौकशी न्यायमूर्ति स्ट्रेटन यांनीं केली, तेव्हां त्या आगी माणसांनींच लावल्या होत्या, आणि त्यांत चाऱ्यासाठीं रान जाळणारे पशुपालकही होते, असें निघालें. पुढें १९४५ सालीं त्या प्रांतांत ग्रामीण भागासाठीं स्वतंत्र अग्निशमन संस्था उभी राहिली, आणि तिचा कणा गांवोगांवचे स्वयंसेवक शेतकरी हाच आहे. ज्याच्याकडून चूक होते त्यालाच राखणदार करावें, हा त्यांतील शहाणपणा.

आपल्याकडेही त्यासाठीं चौकट अस्तित्वांत आहे. महाराष्ट्रांत १९९२ पासून संयुक्त वनव्यवस्थापनाच्या गांवसमित्या आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानें ग्रामसभेला आपलें सामूहिक रान राखण्याचा अधिकार दिला. आणि शेतीच्या बाजूनें रावेर तालुक्यांत पाल येथें व धुळ्याला कृषिविज्ञान केंद्रें आहेत. उणीव आहे ती शिकविण्याच्या विषयाकडे गंभीरपणें पाहण्याची. 'वणवा लावूं नका' असा फलक रंगविणें म्हणजे शिक्षण नव्हे.

मग काय शिकवावें? आगीला जळण, हवा व आंच या तीन गोष्टी लागतात. हवा मनुष्याच्या हातांत नाहीं. आंच एकदां निर्माण झाली कीं आवरत नाहीं. उरतें तें जळण. म्हणून आरंभ जाळरेषेपासून होतो. जाळरेषा म्हणजे रानाच्या कडेनें किंवा मधून मुद्दाम मोकळा ठेवलेला पट्टा. त्यावरील गवत कापतात, वाळूं देतात, आणि थंडी सरण्यापूर्वीं माणसें उभीं करून तें जागच्या जागीं जाळतात. महाराष्ट्राचें वनखातें १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतें. जाळरेषा त्यापूर्वीं तयार व्हाव्या लागतात. आग अडविण्यासाठीं येथें आगच वापरली जाते, केवळ महिना निराळा. जानेवारीच्या सकाळीं दंवानें ओलसर असलेलें गवत धुमसत जळतें. तेंच गवत एप्रिलच्या दुपारीं, जळगांव-भुसावळचा पारा ४४ अंशांच्या घरांत असतां, भडकतें. मूठभर पाचोळा हातांत चुरडून पाहावा: त्याचें पीठ झालें तर काडी खिशांतच राहूं द्यावी.

दुसरा धडा चढउताराचा. ज्वाळा वर झुकते, आणि चढावर वरचें गवत पेटण्यापूर्वींच तापून तयार होतें. दर दहा अंश चढाला आगीचा वेग सुमारें दुप्पट होतो, हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा आहे. म्हणून जाळावयाचेंच असेल तेव्हां डोंगरावर वरून खालीं व सपाटीवर वाऱ्याच्या विरुद्ध जाळतात. अशी आग पावलापावलानें मागें सरकते व काबूंत राहते. विझविणाऱ्यानें चढावर पेटत्या आगीच्या वरच्या अंगाला कधींही उभें राहूं नये. मार्च २०१८ मध्यें तमिळनाडूंत थेनी जिल्ह्यांतील कुरंगणीच्या गवताळ डोंगरांत पदभ्रमण करणारी मंडळी आगींत सांपडली व वीसांहून अधिक जणांचा अंत झाला. तीं धडधाकट माणसें होतीं, पण चढावरच्या आगीपुढें पळून सुटणें कठीण.

पाणी डोंगरावर नसतें, हें शहरांतल्या माणसाला सांगावें लागतें. तेथें बंब जात नाहीं. हिरव्या फांद्यांचीं झोडपणीं, ओलें गोणपाट, दांताळें, कुऱ्हाड हीं खरीं साधनें. अलीकडे वनखातें पाठीवर बांधून पाला उडविणारीं यंत्रेंही देतें, व त्यांनीं पाचोळ्यांतून मोकळी वाट झपाट्यानें काढतां येते. साधें झोडपणेंसुद्धां शिकावें लागतें. नवखा माणूस फांदी डोक्यावर उचलून आपटतो, त्याबरोबर ठिणग्या उडून मागचें गवत पेटतें. फांदी ज्योतीवर दाबून जळालेल्या बाजूकडे ओढावयाची असते. आणि आग विझली असें वाटल्यावर घरीं जावयाचें नसतें. वाळलेल्या ओंडक्यांत निखारा दोन दोन दिवस दडून राहतो. वाऱ्याचा रोख पाहून आग येणाऱ्या दिशेला उलट आग सोडण्याची जी युक्ति आहे, ती मात्र अनुभवी माणसानेंच करावी. ऐकीव माहितीवर ती करूं गेल्यास एकाच्या दोन आगी होतात.

परंतु तंत्र शिकविल्यानें मोहाचीं फुलें वेंचलीं जात नाहींत. ज्या व्यवहारासाठीं आग लागते, त्याला दुसरी सोय दाखविली नाहीं तर शिक्षण वर्गांतच राहतें. मोहाखालीं पाला झाडून बाजूस सारतां येतो, किंवा जाळी अगर जुनीं लुगडीं अंथरतां येतात. फुलेंही स्वच्छ मिळतात आणि भाव बरा येतो. टेंभुर्णीचीं झुडुपें फेब्रुवारी-मार्चमध्यें जमिनीलगत छाटलीं तर आगीवांचून चांगली पालवी फुटते. चाऱ्याचें गवत वाळून कडक होण्यापूर्वीं कापून गंजी केली तर गुरांना तें मिळतें आणि आगीला मिळत नाहीं. या सर्व गोष्टींत मेहनत जास्त आहे, हें लपवूं नये. काडी फुकट असते, छाटणीला मजुरी पडते. ती मजुरी कोणीं द्यावी हा प्रश्न पायथ्याच्या गांवांनींही स्वतःस विचारण्यासारखा आहे. पाणी तेच पितात.

सपाटीवरच्या शेतकऱ्याला शिकवावयाचें तें थोडें वेगळें. त्याला सरसकट 'जाळूं नका' म्हणणेंही चूक होईल. केळीवर मोझॅक हा विषाणुरोग पडतो, शेतकरी त्याला 'हरण्या' म्हणतात. त्याचीं झाडें मुळासकट उपटून गाडावीं किंवा जाळावीं लागतात. करप्याचीं पानेंही कापून बागेबाहेर नष्ट करणेंच योग्य. येथें आग औषधासारखी आहे, आणि औषधाप्रमाणेंच मापानें वापरावयाची. खड्डा खणावा, सभोंवार उघड्या मातीचें कडें करावें, ठिबकच्या नळ्या आधीं गुंडाळून घ्याव्या, पाण्याची सोय ठेवावी, दोन माणसांनीं सकाळीं काम आटोपावें व राख थंड होईतों जागा सोडूं नये. पऱ्हाटीची गोष्ट निराळी. गुलाबी बोंडअळीच्या भीतीनें ती जाळतात. भीति खरी आहे, उपाय उधळेपणाचा आहे. फरदड न घेतां कपाशी वेळेवर काढली, आणि पऱ्हाटी कुट्टीच्या यंत्रांतून काढून कुजविली, तर अळीचा आसराही मोडतो व काळ्या जमिनीला सेंद्रिय अंश परत मिळतो. बांधावर रचून ठेवलेली पऱ्हाटी मात्र अळीला पावसाळ्यापर्यंत सांभाळते, आणि ठिणगीचीही वाट पाहत असते.

हें सगळें कागदावरचें नाहीं याची साक्ष धुळे जिल्ह्यांत आहे. साक्री तालुक्यांतील बारीपाडा हें लहानसें वनवासी गांव. तेथील चैत्राम पवार यांनीं वाणिज्य शाखेची उच्च पदवी घेऊनही गांव सोडलें नाहीं. १९९० नंतरच्या दशकांत त्यांनीं व गांवकऱ्यांनीं भोंवतालचें उजाड झालेलें रान राखावयास घेतलें. कुऱ्हाडीवर व चराईवर निर्बंध घातले, नियम मोडणाऱ्याला दंड ठेवला, राखण नेमली. आज ४०० हून अधिक हेक्टर रान तेथें उभें आहे, आटलेलें पाणी परत आलें, आणि दरवर्षीं भरणारी रानभाज्यांची पाककृतिस्पर्धा पाहण्यास शहरांतील लोक जातात. २०२५ सालीं पवारांना 'पद्मश्री' मिळाली. आगीच्या दृष्टीनें या गांवाचें मर्म असें कीं, ज्या रानांतून भाजी, कंद, फुलें व पाणी रोज घरांत येतें, त्या रानांतील धूर दिसतांच घराघरांतून माणूस उठतो. त्याला कोणी कलम वाचून दाखवावें लागत नाहीं.

राखणीला आतां आकाशांतूनही मदत येते. कृत्रिम उपग्रहांवरील यंत्रें जमिनीवरची आंच टिपतात, आणि डेहराडूनच्या भारतीय वनसर्वेक्षण संस्थेकडून त्यांचा इशारा वनाधिकाऱ्यांच्या दूरध्वनीवर पोंचतो. यांपैकीं एका जातीच्या यंत्राला सुमारें ३७५ मीटरच्या चौकोनांतील आग ओळखतां येते. सोय मोठी आहे. पण उपग्रह ठराविक वेळींच डोक्यावरून जातो, आणि तेवढ्या अवकाशांत चैत्रांतील आग टेकडी ओलांडते. इशारा आला तरी झोडपणें हातांत घेणारा माणूस जवळच्या पाड्यांतलाच लागतो.

आणि खरी अडचण नेमकी येथें आहे. धुळे-नंदुरबारच्या डोंगरी गांवांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीला गुजरातेंत जातात, तीं उन्हाळ्यांत परततात. अखजीचा सण तोंडावर आला कीं पाडे पुन्हां गजबजतात. म्हणजे जाळरेषा काढावयाच्या जानेवारींत आणि वणव्याच्या पहिल्या दोन महिन्यांत गांवांत राहतात त्या म्हाताऱ्या माणसें, मुलें आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया. शिक्षणाचे वर्ग मात्र बहुधा पुरुषांना बोलावून, चावडीवर, सोयीच्या तारखेस भरतात. वास्तविक मोह वेंचण्यांत पुढें असतात त्या स्त्रियाच, आणि बुंध्याखालीं काडी लावावी कीं खराटा घ्यावा, हें पहांटेच्या अंधारांत त्याच ठरवितात. ज्या थोड्या ठिकाणीं वर्ग त्यांच्यासाठीं, फुलें गळूं लागण्याच्या आधीं, झाडाखालींच घेतां येईल, तेथें तो चावडीवरच्या दहा वर्गांहून अधिक उपयोगी पडेल. त्यासाठीं फलक नको, व्याख्यान नको. चार खराटे, दोन जाळ्या आणि माघ महिन्यांतील एक सकाळ पुरे.